नाला, उकिरडा आणि एकशे चाळीस गोण्या : प्रकल्पाच्या नोंदी

कामाची जागा म्हणजे बाजारगल्लीच्या मागून जाणारा सुमारे १८० मीटर लांबीचा उघडा नाला, त्यावरील रस्त्याखालची मोरी आणि काठावर वर्षानुवर्षे साचत गेलेला उकिरडा. गाव लहान आहे आणि काम करणारे सारेच आपापला व्यवसाय सांभाळून येणारे. अशाच कामाला हात घालणाऱ्यांना आमच्या चुका टाळता याव्यात, यासाठी या नोंदी त्या त्या दिवशी लिहिल्या असून मागाहून फक्त भाषा नीट केली आहे.

दिवस १, शनिवार

सकाळी सात वाजता ६४ जण जमले. साडेतीन तासांत उकिरड्याचा वरचा थर आणि नाल्याकाठचा मोकळा कचरा मिळून १४० गोण्या भरल्या. मनुष्यतासांत मोजले तर हे २२४ तासांचे काम झाले आणि ते पाहून सर्वांनाच हुरूप आला. गोण्या रस्त्याच्या कडेला ओळीने लावून, छायाचित्रे काढून आम्ही घरी गेलो. त्या गोण्या कोण, कशातून आणि कोठे नेणार, याचा विचार कोणीही केलेला नव्हता. ‘गाडी मिळेल’ असे सगळेच म्हणत होते, पण गाडीला सांगितलेले मात्र कोणीच नव्हते.

दिवस ४

गोण्या तेथेच आहेत. कुत्र्यांनी वीस-पंचवीस फाडल्या आहेत आणि काल रात्रीच्या वाऱ्याने प्लास्टिक पुन्हा नाल्यात गेले आहे. त्याहून वाईट असे की, गोण्यांची ओळ पाहून हीच कचरा टाकण्याची अधिकृत जागा असल्याचा लोकांचा समज झाला आणि त्यांनी घरचा कचरा तिच्या शेजारी आणून ठेवला.

दिवस ९ आणि १०

ट्रॅक्टर-ट्रॉली मिळाली. फाटलेल्या गोण्या पुन्हा भरण्यासाठी २२ जणांनी दोन संध्याकाळी दोन-दोन तास काम केले. म्हणजे ८८ मनुष्यतास निव्वळ वाया गेले, पहिल्या दिवशीच्या श्रमांच्या एक तृतीयांशाहून अधिक. पातळ प्लास्टिकच्या पिशव्या ओल्या कचऱ्याने लगेच फाटतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टिकतात. त्याही काठोकाठ भरू नयेत. दोन माणसांना उचलता येईल इतक्याच भराव्यात आणि तोंड सुतळीने बांधावे.

एस्टोनियात ३ मे २००८ रोजी सुमारे ५०,००० लोकांनी पाच तासांत साधारण १०,००० टन बेकायदा टाकलेला कचरा उचलला. त्या दिवसाच्या आधी कित्येक महिने तेथील मंडळींनी दहा हजारांहून अधिक जागा नकाशावर नोंदवल्या होत्या आणि वाहतुकीची जुळणी करून ठेवली होती. आम्ही नेमके उलटे केले : आधी लोक बोलावले, मग कचऱ्याचे काय करायचे ते शोधत बसलो.

दिवस १३

या वेळी माणसे न बोलावता पाच जणांनी मोजणी केली. नाल्यावर दर दहा मीटरला चुन्याने खूण करून एका वहीत प्रत्येक टप्प्यावर काय पडले आहे ते लिहिले. त्यानंतर नव्याने भरलेल्या दहा गोण्या ताडपत्रीवर ओतून वर्गवारी केली आणि तराजूने वजन घेतले. एकूण ११८ किलो भरले. त्यात भाजीपाल्याचा व इतर कुजणारा कचरा ६१ किलो, माती आणि राख २४, प्लास्टिक १७, काच व धातू ७ आणि चिंध्या, चपला वगैरे ९ किलो असे प्रमाण निघाले. डोळ्यांना सगळीकडे प्लास्टिकच दिसत होते आणि आमचे सारे बोलणेही प्लास्टिकविषयीच चालले होते. वजनात मात्र निम्म्याहून अधिक भाग कुजणाऱ्या कचऱ्याचा होता. पुढचे अनेक निर्णय या एका मोजणीने बदलले. ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

दिवस १७

एका मुलाच्या तळहातात काच घुसली. हातमोजे होते, पण ते बागकामाचे कापडी होते. जखम धुवून त्याला दवाखान्यात नेले आणि धनुर्वाताची लस दिली. त्याच टप्प्यात इंजेक्शनच्या चार सुया सापडल्या. आता नियम असे आहेत : तळहाताला रबराचा जाड थर असलेलेच मोजे वापरायचे, पायात बंद बूट हवेत, गोणी कधीही हाताने दाबायची नाही आणि मांडीला टेकवून न्यायची नाही. सुया चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकायच्या. मुलांना काठावरच्या कामापलीकडे जाऊ द्यायचे नाही.

उकिरड्याच्या तळाशी छपराच्या जुन्या सिमेंट पत्र्यांचे तुकडे निघाले. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि ते फोडले की त्याचे तंतू हवेत उडून फुप्फुसात जातात. म्हणून तुकडे पाण्याने भिजवले, आणखी न फोडता जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवले आणि स्थानिक कार्यालयाला लेखी कळवले. फुटक्या ट्यूबलाइट आणि जुन्या बॅटऱ्याही वेगळ्या काढल्या. उरलेला ढीग पेटवून द्यावा, अशी सूचना दोघांनी केली, ती स्वीकारली नाही. प्लास्टिक जाळल्याने ते संपत नाही, विषारी धूर होऊन शेजारच्या घरांत जाते.

दिवस २२, शनिवार

गाळ काढायला सुरुवात केली. नाल्याची रुंदी सरासरी ९० सेंटिमीटर आणि गाळाची जाडी सरासरी ३५ सेंटिमीटर, म्हणजे १८० मीटरमध्ये सुमारे ५७ घनमीटर गाळ. ओला गाळ पाण्यापेक्षा बराच जड असतो. एका घनमीटरचे वजन सुमारे १.४ टन धरले, तरी हे ८० टनांच्या घरात जाते. आम्ही नजरेने ‘चार शनिवारांत संपेल’ असा अंदाज बांधला होता. आज २० जणांनी तीन तासांत १० घनमीटर गाळ, म्हणजे ३२ मीटरचा टप्पा मोकळा केला. माणशी एका बैठकीत अर्धा घनमीटर, हे प्रमाण लक्षात ठेवावे. त्याहून अधिकाची अपेक्षा धरली की दुसऱ्या आठवड्यात माणसे येत नाहीत.

बाजाराकडील वरचे टोक सर्वांच्या नजरेसमोर असल्याने काम तेथूनच सुरू केले आणि काढलेला गाळ काठावर रचला.

दिवस २३

रात्री पाऊस झाला. काठावरचा बहुतेक गाळ नाल्यात परत उतरला आहे. जो टप्पा मोकळा केला होता, त्यात पाणी तुंबून डबके झाले आहे, कारण खालचा भाग अजून भरलेलाच आहे. ६० मनुष्यतास पाण्यात गेले, हे येथे शब्दशः खरे आहे.

दोन चुका झाल्या. नाल्याचे काम नेहमी खालच्या टोकाकडून, म्हणजे पाणी जेथे बाहेर पडते तेथून वर चढत करावे, म्हणजे मोकळ्या झालेल्या भागातून पाणी वाहून जाते आणि पुढचा गाळ उघडा पडतो. आणि गाळ काठापासून दूर, सपाट जागी टाकावा. आम्ही दहा मीटर अंतरावर मातीचा छोटा बांध घालून सुकवण्याची जागा केली. सहा-सात दिवसांत पाणी झिरपून गाळ आटतो. ओला गाळ भरला असता तर ट्रॉलीच्या १९ खेपा लागल्या असत्या. सुकवल्यामुळे शेवटी १२ खेपांत काम झाले, शिवाय रस्ताभर घाण सांडली नाही. एका शेतकऱ्याने हा गाळ शेतासाठी मागितला होता. त्यात सांडपाणी, काच आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे असल्यामुळे नकार द्यावा लागला आणि ते त्यांना समजावून सांगताना वाईटपणा आला, तो आला.

दिवस २६

नाल्याला उतार आहे की नाही, हा प्रश्न इतके दिवस कोणी विचारलाच नव्हता. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरले की दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते. एक टोक खुणेच्या काठीला धरायचे, दुसरे पुढच्या टप्प्यावरील काठीला आणि तळापासूनच्या उंचीतला फरक लिहायचा. पहिल्या फेरीत एका ठिकाणी उतार उलटा निघाला. निरखून पाहिले, तर नळीच्या मध्यावर बोटभर लांबीचा हवेचा बुडबुडा अडकलेला होता आणि त्याने चार सेंटिमीटरचा घोळ घातला होता. नळी उंच धरून, टिचक्या मारून बुडबुडा काढला आणि सर्व मापे पुन्हा घेतली. पाण्यात थोडा रंग टाकला तर बुडबुडा लगेच दिसतो.

१८० मीटरमध्ये एकूण ६० सेंटिमीटरची उतरण आहे, म्हणजे ३०० ला १. फार नाही, पण पाणी वाहण्यास पुरेशी आहे. मात्र ११० व्या मीटरला एका दुकानात जाण्यासाठी नाल्यावर टाकलेल्या फरशीखालचा पाइप तळापेक्षा १५ सेंटिमीटर उंच बसवलेला आहे. एवढ्या उतारावर १५ सेंटिमीटरचा अडथळा ४५ मीटरपर्यंत पाणी मागे तुंबवतो. ६५ ते ११० मीटर हाच तो टप्पा, जेथे वर्षभर दुर्गंधी आणि डास असतात आणि ज्याचा दोष आजवर कचरा टाकणाऱ्यांवरच येत होता. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला अनुकूल हवेत आठ-दहा दिवस पुरतात. येथे पाणी कधी आटतच नव्हते. गाळ कितीही वेळा काढला असता, तरी पाणी हललेच नसते.

दिवस ३१ ते ३७

रस्त्याखालची मोरी. साठ सेंटिमीटर व्यासाचा, आठ मीटर लांबीचा पाइप, दोन तृतीयांश भरलेला. एक धाडसी तरुण आत सरपटत जायला तयार होता. त्याला जाऊ दिले नाही. बंदिस्त सांडपाण्यात हायड्रोजन सल्फाइड साचतो. सुरुवातीला त्याचा कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाला तो वास येणेच बंद होते आणि माणसाला वाटते की हवा निवळली. मोरीत, चेंबरमध्ये किंवा झाकलेल्या गटारात कोणीही उतरायचे नाही, या नियमाला आमच्याकडे अपवाद नाही.

बाहेरून काम करण्याची युक्ती अशी : तीन बांबू एकमेकांना बांधून गाळाच्या वरच्या पोकळीतून आरपार ढकलले, त्यांच्या शेपटीला दोर बांधून तो पलीकडे ओढून घेतला आणि दोराला पत्र्याचा अर्धा कापलेला डबा बांधला. डबा ओढला की तोंडात गाळ भरून बाहेर येतो. दुसऱ्याच फेरीत डबा मोरीच्या मधोमध दगडाला अडकला. आम्ही दोर फक्त पुढच्या बाजूला बांधला होता, त्यामुळे डबा मागे घेता येईना. जोर लावताच गाठ निसटली, दोर रिकामा बाहेर आला आणि डबा आत राहिला. तो काढण्यात पूर्ण दीड दिवस गेला. अखेर पहारेच्या टोकाला आकडा वेल्डिंग करून घेतला आणि चाचपडत डब्याची कड पकडली. नव्या डब्याला दोन्ही बाजूंनी दोर बांधले. पुढे अडला की मागे, मागे अडला की पुढे. चार माणसे एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला आणि रस्त्यावर उभा असलेला एक जण दोन्हीकडे हाक देणारा, असे तीन दिवस चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी पलीकडचा उजेड दिसला, तेव्हा वाकून पाहण्यासाठी अक्षरशः रांग लागली होती.

दिवस ४०

आठ कचरापेट्या बसवल्या. वर्गणीतील मोठा भाग यात गेला.

दिवस ४६

आठही पेट्या भरून वाहत आहेत आणि प्रत्येकीच्या पायाशी नवा ढीग तयार झाला आहे. पेटी रिकामी कोण करणार हे न ठरवता पेटी बसवणे, म्हणजे उकिरड्याला लोखंडी चौकट देणे. पाच पेट्या उचलून ठेवल्या. उरलेल्या तिन्हींची जबाबदारी समोरच्या एकेका दुकानदाराने नाव लिहून घेतली आहे. ‘येथे कचरा टाकू नये’ या फलकाचीही हीच गत झाली. सर्वांत मोठा ढीग आता त्या फलकाखालीच आहे.

दिवस ४८ ते ५०

कचरा कोण टाकतो, यावर आजवर फक्त तर्क चालत होते. तीन रात्री आठ ते अकरा या वेळेत दोघा-दोघांनी बसून नोंद केली. नावे लिहिली नाहीत, छायाचित्रे घेतली नाहीत, कोणाला अडवलेही नाही. केवळ वेळ आणि कचऱ्याचा प्रकार लिहिला. तीन रात्रींत ४१ वेळा कचरा टाकला गेला, त्यांपैकी २७ वेळा रात्री नऊ ते दहा या तासात आणि तो बहुतेक भाजीपाल्याचा व खानावळींचा होता. भाजी विकणाऱ्या एका मावशींशी मी दुसऱ्या दिवशी बोललो. त्या म्हणाल्या, “गाडी सकाळी सातला येते, मी दुकान मांडते दहाला. रात्रीचा पाला काय उशाशी घेऊन निजू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. सहा आठवडे आम्ही लोकांच्या सवयींवर बोलत होतो, प्रश्न गाडीच्या वेळेचा होता.

संध्याकाळच्या फेरीसाठी कार्यालयाला पत्र दिले. बारा दिवस उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रासोबत तीन रात्रींचा तक्ता आणि वजनांचा तक्ता जोडला; त्यावर चार दिवसांत मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी रात्री साडेनऊची फेरी मान्य झाली. जुना फलक काढून त्या जागी केवळ गाडीचे वार आणि वेळ लिहिली. ढीग पूर्ण गेलेला नाही, पण गाडीच्या दिवशी तो जवळपास नसतो.

दिवस ५८

कुजणारा कचरा निम्म्याहून अधिक असल्याने खत करण्याचे ठरले होते. लोखंडी जाळीचा सव्वा मीटर लांब, रुंद आणि उंच पिंजरा करून त्यात पाच दिवस भाजीपाला टाकला. आज दुर्गंधीची तक्रार आली आणि ती रास्त आहे. तळातून काळे पाणी गळत आहे, माश्या आहेत आणि ढीग जेमतेम कोमट आहे. नुसता ओला पाला घट्ट बसतो, आत हवा शिरत नाही आणि तो कुजण्याऐवजी सडतो. खतासाठी कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावे लागते. ताज्या भाजीपाल्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त, तर वाळल्या पानांत व भुशात कार्बन जास्त.

सगळा ढीग उपसला, दोन घमेली वाळली पाने आणि एक घमेले ओला पाला अशा थरांनी पुन्हा भरला. ओलावा मुठीने तपासायचा : घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. चौथ्या दिवशी आतले तापमान ५८ अंश सेल्सिअस भरले. तापमापक नसल्यास लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. ती मुठीत धरवत नसेल तर काम नीट चालले आहे. आठवड्यातून एकदा ढीग उलटावा लागतो आणि ते अंगमेहनतीचे काम आहे, हे आधीच सांगून माणूस नेमावा.

दिवस ६३

फरशीखालचा पाइप उतरवला. दुकानदार सुरुवातीला तयार नव्हते, कारण दोन दिवस दुकानाची वाट बंद राहणार होती. त्यांना मापे दाखवली आणि तात्पुरता लाकडी साकव टाकून देण्याचे कबूल केले. काम एका दिवसात झाले. संध्याकाळी ६५ व्या मीटरचे पाणी हलताना प्रथमच पाहिले.

दिवस ७५ आणि त्यानंतरचा महिना

उकिरड्याच्या मोकळ्या जागेवर ३० रोपे लावली, त्यांतील १९ गेली. खड्डे जेमतेम ३० सेंटिमीटर खोल होते आणि खाली माती नव्हतीच. राख, राडारोडा आणि प्लास्टिक होते. पाणी कोण घालणार, हेही पेट्यांप्रमाणेच अध्याहृत राहिले. आता साठ सेंटिमीटरचे खड्डे घेऊन, बाहेरची चांगली माती आणि तयार होऊ लागलेले खत भरून फक्त नऊ रोपे लावली आहेत, प्रत्येकाला कुंपण आहे. जुन्या विटांचा एक ओटा बांधला. संध्याकाळी तेथे माणसे बसतात आणि बसलेल्या माणसांसमोर कोणी पिशवी फेकत नाही, असा अनुभव आहे.

दिवस ९६

माणसांविषयी एक नोंद. पहिल्या दिवशी ६४, तिसऱ्या शनिवारी २६, आता १४. सरसकट आवाहन करणे बंद केले असून प्रत्येक गटाला नाल्याचा ठरावीक वीस मीटरचा टप्पा दिला आहे. काम दोन तासांत थांबवतो, गाळ उरला असला तरी. त्यानंतर संख्या १४ वरच स्थिर आहे. गाळाचे काम चार नव्हे, अकरा बैठकांत संपले.

दिवस १४१

काल रात्री मोठा पाऊस झाला. पहाटे पाच वाजता दोघे जाऊन पाहून आलो. मोरीतून पाणी दोन तृतीयांश उंचीने जात होते, नऊ वाजता तळ दिसू लागला. ९२ व्या मीटरला बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या गटाराने मात्र एका रात्रीत घमेलेभर नव्हे, चांगली दहा-बारा घमेली वाळू आणून टाकली. तेथे साठ सेंटिमीटर खोल गाळखड्डा घेऊन वर जाळी बसवायची आहे. खड्डा पंधरा दिवसांनी उपसावा लागेल आणि त्याची पाळी चार दुकानांत वाटून घेतली आहे. फावडे आणि जाळी उचलण्याचा आकडा भाजीवाल्या मावशींच्या दुकानामागे ठेवला असून पहिली पाळी त्यांनी स्वतःहून घेतली आहे.